नाव बदललेली बाई

पीएच.डी.चे पेढे घेऊन शाल्मली त्या गावात पुन्हा आली, तर शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या दाराला कुलूप. संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखतींत नवऱ्याच्या मारहाणीबद्दल तिच्याशी सगळ्यांत मोकळेपणानं बोलल्या होत्या त्या.

"नवऱ्यानं हात मोडला तिचा. माहेरी गेली," शेजारची म्हातारी म्हणाली. "तुझं संशोधन पेपरात छापून आलं ना, ते वाचून पिसाळला."

"पण आजी, मी नाव बदललं होतं. गावाचंसुद्धा!"

"बदललंस गं बाई. पण जुळ्या पोरी, शिलाईमशीन आणि बँडात क्लॅरोनेट वाजवणारा नवरा, असं घर पंचक्रोशीत दुसरं कुठलं?"

शाल्मलीनं पेढ्यांचा पुडा पर्समध्ये परत ढकलला. हेच तपशील वाचून दाखवत परीक्षक सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वा! बाई अगदी डोळ्यांसमोर उभी राहते."