लपलेली बिजागरी

वैजूनं हॉट रॉडच्या, म्हणजे जुनी मोटार कापून-जोडून नव्यानं घडवलेल्या गाडीच्या, दाराला कडेनं ओलं कुंकू फासलं. उघडताना दार घासलं तर चौकटीवर लाल डाग उठणार, आणि मग गिऱ्हाइकाची ही हौसेची गाडी तिचे वडील, आप्पा, पुढच्या कामासाठी दुसऱ्या गॅरेजला देणार, असं ठरलंच होतं.

"ट्रकची बिजागरी बाहेर असते, सगळ्यांना दिसते. तुझी कुठं गेली?" आप्पांनी विचारलं.

"आत लपवलीय. बदकाच्या मानेसारखी वाकवून."

"बुडणार बघ तुझं बदक."

तिनं दार ओढलं. आणि काय सांगू, एवढं जड दार आधी जरासं बाहेर सरकलं, मग वळलं, तेही आवाज न करता.

आप्पांनी चौकटीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ होतं. त्यांनी दार लावलं. जन्मभर ट्रकची दारं बसवलेला त्यांचा हात सपाट पत्र्यावर बिजागरी चाचपत राहिला.

"परत उघड," ते हळूच म्हणाले.