घरच्यांचे सोडून

फोनशेजारच्या नव्या डबीवर निळा लुकलुकणारा दिवा. तुपात फुललेला डिंक. दारात पुन्हा हिराबाई.

“वत्सलाताई, लेकीचा फोन आला?”

“नाही हो.”

शेजारच्या हिराबाईंना मोबाईल जमत नसे. नागपूरची दिवस भरलेली लेक वत्सलाताईंच्या घरच्या फोनवरच फोन करायची.

वत्सलाताईंना शंका आली. कालच मुलानं घरचा फोन इंटरनेटच्या डबीला जोडला होता. त्यांनी त्याला हाक मारून विचारलं.

“फसवे फोन फार येतात, आई. घरच्यांचे सोडून सगळे नंबर बंद केलेत. आता एकदम सुरक्षित!”

“कुणापासून? हिराबाईंपासून?” त्या कडाडल्या. “अख्ख्या आळीच्या सोयरिका या फोनवर जमल्या, आणि तू मला न विचारता त्याला कडी घालतोस? उघड आधी!”

तो सेटिंग बदलू लागला.

लगेच नागपूरहून फोन खणखणला: हिराबाई पहाटेच आजी झाल्या होत्या.