एका विधुराच्या दोन ओळी

“लाडू खा गं, ह्यांनी स्वतः वळलेत,” ताई डबा पुढे करत म्हणाली. रविवारी तिचं लग्न होतं. स्थळ आमच्या विवाह मंडळातलं, मीच मोठ्या तोऱ्यात सुचवलेलं.

मी मंडळाच्या पुणे आणि सांगली शाखांच्या एक्सेल फाइली कोड चालवून एकत्र करत होते. एकच मोबाइल नंबर दोन्हीकडे असला, की त्या ओळी लाल व्हायच्या. होणाऱ्या दाजींचा नंबर लाल झाला.

पुण्याच्या ओळीत होतं: विधुर, पत्नीचं निधन गेल्या जूनमध्ये. सांगलीच्या ओळीतही विधुरच होतं, पण नोंदणी त्याआधीच्या मार्चमधली होती.

“तारीख चुकली असेल,” स्क्रीनकडे बघत ताई म्हणाली.

“नोंदणीची तारीख आपोआप पडते, ताई. मार्चमध्ये त्यांची बायको जिवंत होती. काय झालं होतं तिला?”

“पोटाचं काहीतरी. डॉक्टरांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. तीन महिने हेच तिला सगळं करून घालत होते, स्वतःच्या हातानं...”

हातातला अर्धा खाल्लेला लाडू तिनं हळूच डब्यात परत ठेवला.