डावी कड

इंजिनाला पेट्रोल सोडणाऱ्या पितळी जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान होतं आणि ते पूर्ण बुजलं होतं. मुरोताने जेट खिडकीसमोर धरून पाहिला. उजेड आरपार येत नव्हता. भोकात काकवीसारखा तपकिरी, चिकट थर बसला होता. सहा महिने कार्ब्युरेटरमध्ये पडून राहिलेल्या पेट्रोलचा तो गाळ होता.

"कप्तान, पेट्रोल काढलं नव्हतंत तुम्ही?" त्याने विचारलं.

"राहिलं," सकुमा म्हणाला.

बर्फ पडायच्या आधी कार्ब्युरेटर रिकामा करायचा, हे गावातल्या प्रत्येक मोटारसायकलवाल्याला सकुमानेच शिकवलं होतं. तो आता एकाहत्तर वर्षांचा होता. रविवारच्या सफरीत त्याची गाडी तीस वर्षं सगळ्यांच्या पुढे होती, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत.

"माझ्यामुळेच," मुरोता म्हणाला. "तेव्हा रोज माझ्यासाठी हॉस्पिटलच्या खेपा घालत होतात. गाडीकडे बघायला तुम्हाला वेळ कुठला?"

वेळ होता. गाडी नजरेसमोर नको होती. सकुमाने ती शेडमध्ये ढकलली होती आणि वरून ताडपत्री टाकली होती.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारची गोष्ट. बीटाची काढणी चालली होती आणि शेतातून निघणारे ट्रॅक्टर रस्त्यावर ओली माती सांडत होते. अशा वेळी पुढच्याने माती दिसेल त्या बाजूचा पाय बाहेर काढायचा. मागचे तेवढ्यावरून सावध होतात. पाय जागेवर असला तर रस्ता साफ आहे असं धरून चालतात. एका वळणावर डाव्या कडेला मातीचा लांब पट्टा पडला होता. मुरोता सकुमाच्या लगेच मागे होता. त्याची गाडी घसरली. खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

"तुम्ही पाय काढला असणार, कप्तान," अँब्युलन्समध्ये तो म्हणाला होता. "माझंच लक्ष नव्हतं. काढला होतात ना?"

"हं," सकुमा म्हणाला होता.

पाय त्याने काढलाच नव्हता.

ते एक अक्षर परत घ्यायचं त्याने अनेकदा ठरवलं. मुरोता घरी आला की सांगू. नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला जाऊ तेव्हा सांगू. मग, बर्फ वितळलं की सांगू. पण दर वेळी मुरोताच आधी वाकून माफी मागे. कप्तानच्या सफरीला गालबोट लावलं म्हणून मिठाईचा डबा पुढे करी. सकुमा डबा घेऊन घरी येई. तो न उघडताच फडताळात ठेवी.

मुरोताने वायरमधली तांब्याची एक तार वेगळी काढली आणि भोकात घातली. "तांबं पितळेपेक्षा मऊ, त्यामुळे भोक मोठं होत नाही," तो म्हणाला. "तुमचाच धडा." त्याचा डावा हात अजून कानाच्या वर जात नव्हता. जेट बसवून त्याने त्याच हाताने पाना पुढे केला.

पाना सकुमाच्या डाव्या खांद्याजवळ तसाच राहिला.

"घ्या की! झोपलात काय?"

सकुमाने मान वळवली आणि पाना घेतला.

तोशिको चहा घेऊन आली. सकुमाच्या बायकोला त्या गाडीचं कौतुक कधीच नव्हतं. "अजून उठली नाही का ही? मला वाटलं, अंत्यविधीची तयारी करावी आता."

"वहिनी, तुमच्या नवऱ्यापेक्षा तरुण आहे ती," मुरोता म्हणाला. "दहा मिनिटं थांबा."

त्याने नवा प्लग घट्ट केला. ताजं पेट्रोल ओतलं, चोक ओढला. सकुमा किक मारू लागला. पहिल्या चार किका फुकट गेल्या. पाचवीला एक खोकला आला. गाडी सुरू झालीच नाही तर कुणाला काही सांगावं लागणार नाही, असं सकुमाच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच किळस आली. सहाव्या किकेला इंजिन धडधडू लागलं. शेडच्या पत्र्यावरून बर्फाचा उरलासुरला थर घसरून खाली पडला.

मुरोता टाळ्या पिटत होता. मग हातमोजे काढून तो गुडघ्यांवर हात ठेवून कप्तानसमोर अदबीने वाकला.

"सुटलो, कप्तान. तुमची गाडी सुरू करून द्यायची, मग माझी विकायची, असं मनाशी ठरवलं होतं. आसाहिकावाहून गिऱ्हाईक येतंय रविवारी."

"विकतोयस?" तोशिको म्हणाली. "अरे, हात बरा होतोय की तुझा!"

"हाताचं नाही हो, वहिनी. पुढच्याचा पाय ज्याला दिसत नाही, त्याने रस्त्यावर कशाला यायचं? त्या दिवशी मीच पडलो. उद्या माझ्यामुळे दुसरा कुणी पडेल." तो हसला, पण गाडीकडे बघून. "चाळीस वर्षं चालवली. पुरे झालं."

सकुमाने किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं.

"अहो, बंद कशाला केलीत? तापू तर द्या!" मुरोता म्हणाला.

"मुरोता, त्या गिऱ्हाइकाला ही गाडी दाखव. तुझी ठेव."

"ही? डोकं फिरलंय का तुमचं?"

"मी पाय काढला नव्हता. अँब्युलन्समध्ये खोटं बोललो."

तोशिकोने ट्रे खाली ठेवला. मुरोता घाईने म्हणाला, "असू दे हो, होतं कधी असं. नसेल दिसली माती. एखाद्या वेळी कुणालाही—"

"एखाद्या वेळी नाही," सकुमा म्हणाला. "डाव्या बाजूचं मला दिसतच नाही. परवाना परत करा, असं डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. उद्या करतो."