कानामागचे भोवरे

बुकबाइंडर काका वीस वर्षांनी न्हाव्याच्या खुर्चीत बसले. टकलावर केस उगवले होते. नव्या औषधाच्या प्रयोगात त्यांनी नाव घातलं होतं. लागू पडेलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

"घे, तुलाही काम मिळालं," ते ऐटीत म्हणाले आणि डोळे मिटले.

दुपारचं ऊन आरशात तरंगत होतं. केस पिसासारखे मऊ होते, वारा नसताना हळूहळू लवत होते. न्हाव्याने कंगवा फिरवला आणि त्याचा हात थबकला. उजव्या कानामागे दोन भोवरे होते, एकमेकांच्या उलट फिरणारे. असे त्याने एकाच डोक्यावर पाहिले होते. ते मास्तर, त्याचं जुनं गिऱ्हाईक, महिन्यापूर्वी वारले; शेवटच्या खेपेला त्याच्या हातून त्यांना कात्री लागली होती.

त्याने कात्री उचलली.

"जपून रे," काका गुंगीतच पुटपुटले. "मागच्या खेपेला तिथेच कापलं होतंस मला."