कोबीतला झेंडू

घरामागे कोबीच्या वाफ्यांत ती झेंडू लावत होती, तेव्हा नवऱ्याने तिच्या मनगटावर पाय ठेवला. "भाजीची जागा फुलांना? डोकं ठिकाणावर आहे का?"

"फुलांवर मित्रकिडे येतात," ती खाली बघत म्हणाली. "अळ्यांना जिवंत फाडून खातात. फवारणी वाचते."

फवारणी वाचते म्हटल्यावर पाय उचलला गेला. फुलं तोडली की आणखी लागतात, मग शेजारणींना न्यायला सांगू का, हेही तिने विचारून घेतलं.

"न्या म्हणावं. मला काय त्याचं."

झेंडू कमरेएवढा झाला. एका सकाळी पाण्याचा पाइप उघडा राहिला आणि वाफ्यांचा चिखल झाला. त्याने तिला केसांना धरून फरफटत आणलं, तोंड चिखलात दाबलं, पाठीत दोन लाथा घातल्या. मागच्या खेपेला तिची बरगडी मोडली होती, तेव्हाही उंच कुंपणापलीकडे कोणाला पत्ता लागला नव्हता. त्याने फावडं उचललं.

झेंडूतून पाच बायका उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या हातात कात्री होती. थोरल्या शेजारणीने फावडं हिसकावलं आणि दांडा त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो कोबीत कोसळला.

"यांना आत कोणी घेतलं?" तो कण्हत म्हणाला.

बायकोने तोंडातली माती थुंकली.

"तुम्हीच. फुलं न्यायला यांना तुम्हाला विचारूनच बोलावलं होतं. पाइप तेवढा न विचारता उघडला."