अध्यक्षांचे साक्षीदार

"तुम्ही दारू पिता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या आनीझियोकडे नव्हे, उजेडाला लावलेल्या फिल्मकडे बघत होत्या.

आनीझियोला राग आला नाही, कीव आली. शहरातली पोर, हिला काय ठाऊक आपण कुणाशी बोलतोय. मिनास प्रांताच्या ज्या डोंगरात खुराड्यांपेक्षा दारूच्या भट्ट्या जास्त, तिथं अकरा वर्षांपूर्वी चर्चमधल्या अपारेसिदा मातेपुढं गुडघे टेकून त्यानं पेला सोडला होता. एकट्यानं सोडून त्याचं समाधान झालं नाही, म्हणून आणखी सहा जणांना सोडायला लावला. व्यसनमुक्त बंधुमंडळाचा तो संस्थापक आणि तहहयात अध्यक्ष होता.

"अकरा वर्षं शिवलेलो नाही," तो म्हणाला. "साक्षीदार आणलेत. बाहेर बसलेत."

खरंच आणले होते. सहाही बंधू चर्चच्या गाडीतून आले होते. गाडी वाटेत चार वेळा थांबवावी लागली, कारण कुणा ना कुणाला झुडपामागं जावं लागत होतं. न्याहारी कुणीच केली नव्हती. मंडळात आताशा फारसं कुणी जेवतच नसे. संयम एकदा अंगी बाणला की भूकसुद्धा माणसाला भिते, असं अध्यक्षांचं मत होतं, आणि ते त्यांनी ईस्टरच्या भाषणात मांडलंही होतं.

खजिनदार झुरांदिरनं दारातून डोकं आत घातलं. "लिहून घ्या, डॉक्टरीणबाई. हा माणूस लग्नातसुद्धा पेरूचं सरबत पितो. निम्म्या गावाची लग्नं यानं बेचव केलीत."

"बाहेर बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दार लागल्यावर त्यांनी जुनी फिल्म नव्या फिल्मशेजारी धरली.

"हे स्वादुपिंड, काका. तीन वर्षांपूर्वी यात चार खडे होते. आता कुणी मीठ भुरभुरल्यासारखं दिसतंय. पित्ताशय स्वच्छ आहे, रक्तातली चरबी ठीक आहे, बाकी कारणं मी तपासून संपवली. साखर तीनशेवर गेलीय. वजन चौदा किलो उतरलंय. खाल्लेलं तेल तसंच बाहेर पडतंय. ही ग्रंथी मरायला टेकलीय, आणि आपली आपण मरत नाहीये. कुणीतरी रोज मारतंय." त्या खुर्चीत बसल्या. "औषधं काय घेता?"

"दुखण्यावरच्या गोळ्या. आणि काढा."

काढा म्हणताना त्याचा आवाज जरा उंचावला. "आमच्या आजीचा. साली, मुळं, सगळं रानातलं. पंधरा दिवस जमिनीत पुरून ठेवायचा. आधी जेवणावर एक कप घ्यायचो. दुखणं वाढलं, तसे तीन केले."

"मुरवता कशात?"

"पाण्यात घातला तर आठवड्यात नासतो."

"मग कशात?"

"पिंगात," तो म्हणाला. लहान मुलाला सांगावं तसं. "उसाची, पहिल्या धारेची. औषधात हलकी घालून कसं चालेल. आणि एकदा मुळं पडली की ती दारू राहत नाही. पाद्रीबाबा स्वतः दर रविवारी बाटल्यांवर पवित्र पाणी शिंपडतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"आजपासून थेंबसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "बाटल्यांवर म्हणालात. किती बाटल्या?"

आनीझियो बोटांवर मोजू लागला. सातव्या बोटाशी थांबला. तो उठला आणि त्यानं दार उघडलं.

बाकावर सहाही बंधू एकाच तऱ्हेनं बसले होते. पुढं वाकून, गुडघे पोटाशी आवळून, मनगट बरगडीखाली रुतवून. गेली तीन वर्षं रोज पहाटे पलंगाच्या कडेवर तो स्वतः बसत आला होता, तसे.

झुरांदिरनं कष्टानं मान वर केली.

"आटप ना, अध्यक्ष," तो म्हणाला. "बाटली गाडीत राहिलीय, आणि सगळ्यांची वेळ टळून चाललीय."